खुब्यातले हाड आणि आठवड्याची एक गोळी

एका तालुक्याच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या २७ वर्षांच्या वाचक भगिनीचे पत्र आले आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांना ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून त्या प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेत आहेत. सुरुवातीच्या महिन्यांत मात्रा बरीच मोठी होती, आता ती दिवसाला १० मिलिग्रॅमवर आली आहे. गेल्या पावसाळ्यापासून उजव्या जांघेत आणि गुडघ्यात दुखू लागले. आधी गुडघाच समजून तेल, शेक आणि पट्टा झाला. अखेर एमआरआय काढल्यावर दोन्ही खुब्यांत अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रॉसिस, म्हणजे एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून हाडाचा भाग मरणे), असल्याचे दिसले. उजवीकडे दुसरा टप्पा असून मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा सुमारे पाव भाग बाधित आहे, तर डावीकडे पहिला टप्पा आणि अगदी लहान भाग आहे. एका अस्थिरोगतज्ज्ञांनी आठवड्याला अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची एक गोळी आणि वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन सुचवले. दुसऱ्या तज्ज्ञांनी या औषधांवर आपला विश्वास नाही असे सांगून छिद्र पाडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करायला सांगितले. काकांचे मत असे, की रेंगाळत बसण्यापेक्षा दोन्ही बॉल एकदाच बदलून टाकावेत. आईने गोळीच्या पाकिटातली चिठ्ठी वाचली आणि हे तर वय झालेल्या बायकांचे औषध आहे, याने पुढे मूल होण्यात अडचण येईल, अशी धास्ती घेतली. या सगळ्यात घाबरून या भगिनींनी गेल्या आठवड्यापासून प्रेडनिसोलोन स्वतःच निम्मे केले आहे. त्या विचारतात, ‘औषधाने हाड पुन्हा जिवंत होणार असेल तर मी ते कितीही वर्षे घेईन, पण होणार नसेल तर घ्यायचे तरी कशाला?’

नमस्कार,

तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी एक गोष्ट आजच्या आज करायला हवी. ज्या डॉक्टरांकडे तुमच्या ल्युपसचे उपचार चालू आहेत त्यांना फोन करा, प्रेडनिसोलोन निम्मे केल्याचे जसेच्या तसे सांगा आणि ते सांगतील ती मात्रा घ्या. तीन वर्षे बाहेरून स्टिरॉइड मिळत असल्याने तुमच्या शरीरातील अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे स्टिरॉइड पुरेसे तयार करण्याची सवय विसरलेल्या असतात. मात्रा एकदम खाली आणली तर थकवा, उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणे इथपासून जिवावर बेतण्यापर्यंत काहीही होऊ शकते, शिवाय दबलेला ल्युपस उफाळून मूत्रपिंडांवर जाऊ शकतो. तुमची भीती मला समजते, कारण ज्या गोळीने खुबा बिघडवला तीच रोज सकाळी हातात घेणे सोपे नाही. पण खुब्याला जो धोका पोहोचतो तो बहुतेक वेळा सुरुवातीच्या मोठ्या मात्रेच्या काळात पोहोचतो, आणि आज गोळी अर्धी केल्याने मेलेला भाग परत येत नाही. स्टिरॉइड कमी करणे हे उद्दिष्ट योग्यच आहे. ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा अ‍ॅझाथायोप्रिनसारख्या औषधांचा आधार घेऊन, पायरीपायरीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधायचे असते. आणि तीन वर्षांपूर्वी ते औषध घेतले ही तुमची चूक नव्हती, कारण त्या वेळी त्याने तुमचे मूत्रपिंड, कदाचित जीवही, राखला असेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. त्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, आणि माझ्या ओपीडीत येणारे जवळजवळ सगळेच तरुण रुग्ण तेच गृहीत धरून येतात: हाड मेले आहे म्हणून दुखते, म्हणजे औषधाचे काम त्यात पुन्हा जीव ओतण्याचे असणार. प्रत्यक्षात खुब्यात जे घडते ते थोडे वेगळे आहे, आणि ते एकदा नीट समजले की औषध घ्यायचे की नाही हा प्रश्नही वेगळ्या तऱ्हेने विचारता येतो.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या वाटीत बसलेला असतो आणि त्याला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या हाडाच्या मानेला चिकटून वर चढणाऱ्या, अगदी बारीक अशा असतात. स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेमुळे, दारूमुळे, सिकल सेलच्या आजारात अडकणाऱ्या रक्तपेशींमुळे किंवा अपघातात मान मोडल्यामुळे हा पुरवठा तुटला की गोळ्याच्या एका भागातील पेशी मरतात. तरीही तो भाग लगेच ढासळत नाही. मेलेल्या हाडाचा सांगाडा तसाच उभा असतो आणि काही काळ तो वजनही पेलतो. धोका सुरू होतो तो दुरुस्ती सुरू झाल्यावर. कडेच्या जिवंत हाडातून नव्या रक्तवाहिन्या आत येतात, त्यांच्याबरोबर जुने हाड कुरतडणाऱ्या पेशी येतात आणि नवे हाड रचणाऱ्या पेशीही येतात, पण कुरतडण्याचे काम झपाट्याने होते आणि रचण्याचे काम सावकाश. जुन्या वाड्याच्या वाळवी लागलेल्या तुळया काढायला दहा गडी लावले आणि नव्या बसवायला एकच सुतार ठेवला तर मधल्या काळात छपराचे जे होईल, तेच खुब्याच्या गोळ्याचे होते. गुळगुळीत कूर्चेच्या लगेच खाली असलेले हाड पोकळ होते आणि एखाद्या दिवशी, जिना उतरताना किंवा एसटीच्या पायरीवरून खाली पाय टाकताना, त्यात बारीक तडा जातो. एक्स-रे उजेडासमोर धरला तर गोळ्याच्या वरच्या कडेखाली कापलेल्या नखासारखी एक वाकडी काळी रेषा दिसते. समोरून काढलेल्या साध्या फोटोत ती अनेकदा निसटते. गुडघे बाहेरच्या बाजूला उघडून, बेडकासारखे पाय ठेवून काढलेल्या फोटोत ती अधिक स्पष्ट दिसते, म्हणून तो फोटो मी प्रत्येक वेळी मागवते. ती रेषा दिसली की तिसरा टप्पा सुरू झाला आणि औषधाने वाचवता येण्यासारखे फारच थोडे उरले, असे समजावे. तुमच्या उजव्या खुब्यात ती अजून नाही.

अलेंड्रोनेट आणि झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ही दोन्ही बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे आहेत. ती हाडातील कॅल्शियमच्या खनिजाला चिकटून बसतात आणि हाड कुरतडणाऱ्या पेशी तो भाग खाऊ लागल्या की त्यांनाच निकामी करतात. वाड्याच्या भाषेत सांगायचे तर ती तुळया काढणाऱ्या गड्यांचे हात धरतात, म्हणजे सुताराला अवधी मिळतो. ती मेलेल्या पेशी जिवंत करत नाहीत आणि तुटलेली रक्तवाहिनी जोडत नाहीत. गोळा गोल राहावा आणि शरीराची स्वतःची दुरुस्ती पुरी व्हावी, यासाठी लागणारा वेळ मिळवून देणे एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असते. म्हणून ‘हाड जिवंत होणार का’ याऐवजी ‘माझ्या खुब्याला अजून असा वेळ मिळवून देण्यात अर्थ आहे का’ असे विचारा. दोन्ही खुब्यांचे गोळे आजही गोल आहेत, त्यामुळे माझे उत्तर ‘होय’ असे आहे.

हे ‘होय’ मी कितपत खात्रीने म्हणते, हेही तुम्हाला कळायला हवे, कारण तुमच्या दोन डॉक्टरांमध्ये जो मतभेद झाला तो कोणाच्या अज्ञानातून झालेला नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध एव्हीएनसाठी वापरून २००५ मध्ये ६० रुग्णांच्या १०० खुब्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढे कितीतरी मोठ्या संख्येचा पाठपुरावा आणि वेगळा दहा वर्षांचा पाठपुरावाही मांडला. वेदना कमी झाल्या, अनेकांची शस्त्रक्रिया टळली किंवा लांबली, असे त्यांना दिसले. मात्र त्यात औषध न घेणाऱ्यांचा तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. त्याच २००५ साली तैवानमधून एक तुलनात्मक अभ्यास आला. त्यात औषध घेतलेल्या २९ खुब्यांपैकी केवळ २ ढासळले आणि न घेतलेल्या २५ पैकी १९ ढासळले. हा फरक इतका मोठा होता की जगभरचे अस्थिरोगतज्ज्ञ ही गोळी लिहू लागले. पण २०१२ मध्ये तैवानमधीलच अनेक रुग्णालयांनी मिळून, कोणाला औषध आणि कोणाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी मिळते आहे हे रुग्णाला कळू न देता दोन वर्षांचा अभ्यास केला, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दक्षिण कोरियात झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडच्या इंजेक्शनावर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही गोळा ढासळण्याचे प्रमाण कमी झाले नाही. त्या अभ्यासात मध्यम ते मोठा भाग बाधित असलेले खुबे घेतलेले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी पहिले दोन अभ्यास मनावर घेतले असतील आणि दुसऱ्यांनी शेवटचे दोन. मी चारही समोर ठेवते आणि इतकेच म्हणते, की हे औषध सर्वांना वाचवत नाही, मोठ्या भागाच्या आजारात त्याचा उपयोग शंकास्पद आहे, आणि लहान किंवा मध्यम भाग, गोल गोळा, तरुण वय अशा स्थितीत ते विचारपूर्वक वापरून पाहण्याजोगे आहे, कारण त्याचे धोके माहीत असलेले आणि बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे आहेत. ही औषधे मान्यताप्राप्त आहेत ती हाडे ठिसूळ होण्याच्या आजारासाठी. एव्हीएनसाठी ती डॉक्टर आपल्या अनुभवाच्या आणि उपलब्ध पुराव्याच्या जोरावर देतात. हे तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला आधी सांगितले नसेल तर पुढच्या भेटीत विचारा. असे विचारण्यात अविश्वास नाही.

दोन्ही खुब्यांना एकाच मापाने मोजू नका, कारण तुमच्या शरीरात आज दोन वेगवेगळ्या अवस्थांचे आजार आहेत. डावीकडचा भाग गोळ्याच्या १५ टक्क्यांहून कमी असेल आणि तो वजन पेलणाऱ्या वरच्या घुमटाऐवजी आतल्या बाजूला असेल, तर असे खुबे काही न करताही वर्षानुवर्षे टिकलेले मी पाहिले आहेत. तिथे औषध आणि देखरेख पुरेशी आहे. उजवीकडे पाव भाग, म्हणजे मध्यम आकार, आणि दुखणेही आहे. तिथे दुसऱ्या डॉक्टरांनी सुचवलेली कोअर डीकम्प्रेशनची शस्त्रक्रिया टाकून देण्यासारखी नाही. मांडीच्या बाजूने बारीक भोक पाडून गोळ्यातील बाधित भागापर्यंत जातात, त्यामुळे आत कोंडलेला दाब उतरतो आणि नव्या रक्तवाहिन्यांना वाट मिळते. काही ठिकाणी त्याच भोकातून रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढलेला अस्थिमज्जेचा अर्कही आत सोडतात. गोळा ढासळण्यापूर्वीच ही शस्त्रक्रिया अर्थपूर्ण ठरते. औषध घेतले म्हणून ही वाट बंद होत नाही आणि ही शस्त्रक्रिया केली म्हणून औषध बंद करावे लागत नाही. ‘औषध की शस्त्रक्रिया’ असे दोन पक्ष तुमच्या घरात पडले आहेत, पण तुमच्या उजव्या खुब्याला कदाचित दोन्ही लागतील आणि डाव्याला एकच पुरेल. दुखणे तीन महिन्यांत हटले नाही, किंवा नव्या एमआरआयमध्ये हाडातील सूज वाढलेली दिसली, तर मी उजवीकडे शस्त्रक्रियेच्या बाजूला झुकेन.

काकांचा सल्ला मायेपोटी आहे, पण तो आज मानू नका. कृत्रिम खुबा ही उत्तम शस्त्रक्रिया आहे आणि गोळा ढासळून सांधा झिजल्यावर ती तुम्हाला पुन्हा शाळेत उभे करील, त्या दिवसाला घाबरण्याचे कारण नाही. तरीही बसवलेला सांधा कायमचा नसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकल्याचे दिसले, आणि तरुण वयात, अधिक वावर असताना, टिकण्याचे प्रमाण त्याहून कमी असते. २७ व्या वर्षी बदललेला सांधा आयुष्यात एकदा, कदाचित दोनदा, पुन्हा बदलावा लागेल आणि प्रत्येक पुढची शस्त्रक्रिया आधीच्यापेक्षा अवघड असते. स्वतःचा गोल गोळा पाच वर्षे अधिक टिकला तरी ती पाच वर्षे मोलाची आहेत.

आता औषध घ्यायचे ठरले तर ते कसे घ्यायचे, याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या अनुभवात निम्मे अपयश इथे होते. अलेंड्रोनेटची गोळी पोटात फारच थोडी शोषली जाते. सोबत चहाचा एक घोट, दूध किंवा कॅल्शियमची गोळी गेली तर तेवढीही शोषली जात नाही. आठवड्याचा एक वार ठरवा, शाळेला सुट्टी असलेला रविवार चांगला. सकाळी उठल्यावर तोंड धुऊन, काहीही खाण्यापिण्यापूर्वी, साध्या पाण्याच्या पूर्ण पेल्याबरोबर गोळी न चघळता गिळा आणि त्यानंतर किमान अर्धा तास काही खाऊ नका, चहा घेऊ नका आणि मुख्य म्हणजे आडव्या होऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, म्हणून ताठ बसणे किंवा घरात वावरणे आवश्यक आहे. प्रेडनिसोलोन त्या दिवशी नाश्त्यानंतर घ्या. एखाद्या रविवारी विसरलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, पण एका दिवसात दोन गोळ्या कधीही नको. गिळताना दुखू लागले किंवा छातीत जळजळ वाढली तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा. स्टिरॉइडबरोबर वेदनाशामक गोळ्याही स्वतःच्या मनाने घेत असाल तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही धोक्यात येतात, आणि ल्युपसमध्ये तर अधिकच.

इंजेक्शनापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासलेले असले पाहिजे. मूत्रपिंडांचे काम बरेच मंदावलेले असेल तर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड देत नाहीत, आणि ड जीवनसत्त्व कमी असताना ते दिले तर कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ल्युपसच्या रुग्णांना ऊन वर्ज्य असल्याने तुमचे ड जीवनसत्त्व कमी असण्याची शक्यता मोठी आहे. आधी ते भरून काढा आणि मगच इंजेक्शन घ्या, त्यासाठी काही आठवडे उशीर झाला तरी चालेल. ५ मिलिग्रॅमचे हे औषध सलाइनमधून किमान पंधरा मिनिटे घेऊन सावकाश सोडतात. पहिल्या वेळी पुढचे दोनतीन दिवस ताप, अंगदुखी आणि थंडी वाजणे असे फ्लूसारखे होऊ शकते. भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल यांनी ते निभते. पण तुम्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असल्याने तीन दिवसांपलीकडे ताप राहिला तर इंजेक्शनाचाच असेल असे समजून घरी बसू नका.

दातांचे राहिले. या औषधांच्या काळात दात काढला तर क्वचित जबड्याची जखम भरत नाही आणि तिथले हाड उघडे पडते. हाडे ठिसूळ होण्याच्या आजारातल्या मात्रेत हा धोका कमी असतो, पण स्टिरॉइडबरोबर तो काहीसा वाढतो. म्हणून आधी दंतवैद्याकडे जा आणि अक्कलदाढ किंवा किडलेला दात काढायचा असेल तर तो काढून जखम भरल्यावर औषध सुरू करा. उलट दिशेने, काही वर्षे सतत घेतल्यावर मांडीच्या मध्यभागी बोथट दुखू लागले तर एक्स-रे काढल्याशिवाय राहू नका, कारण दीर्घकाळ वापरात तिथे विचित्र प्रकारचा तडा जाऊ शकतो. यासाठीच ‘कितीही वर्षे घेईन’ हे तुमचे वाक्य मला मान्य नाही. मुंबईच्या पद्धतीत साधारण तीन वर्षांचा काळ धरला जातो. औषध सुरू करतानाच ते कधी थांबवायचे हे चिठ्ठीवर लिहून घ्या आणि दरवर्षी त्याचा फेरविचार करा.

तुमच्या आईंनी विचारलेला प्रश्न या पत्रातला सर्वांत शहाणा प्रश्न आहे. औषध वय झालेल्या बायकांचे आहे हे त्यांचे म्हणणे अर्धवट खरे आहे, कारण अनुभव त्या वयाचा अधिक आहे, पण हाडांच्या काही आजारांत लहान मुलांनाही बिस्फॉस्फोनेट दिली जातात. गर्भारपणाविषयीची चिंता मात्र रास्त आहे. ही औषधे हाडात वर्षानुवर्षे साठून राहतात आणि हळूहळू रक्तात येत असतात. नकळत गर्भधारणा झालेल्या ज्या स्त्रियांची माहिती उपलब्ध आहे त्यांच्या बाळांत ठोस व्यंगांचा कल दिसलेला नाही, पण अशा नोंदी थोड्या आहेत, त्यामुळे औषध चालू असताना गर्भधारणा होऊ देऊ नये आणि ते थांबवल्यावरही सहा महिने ते वर्षभर अंतर ठेवावे, असे मी आणि माझे बरेच सहकारी सांगतो. योगायोगाने ल्युपसचाही नियम असाच आहे: किमान सहा महिने आजार शांत असल्याशिवाय गर्भधारणेचा विचार करू नये. मायकोफिनोलेटसारखे औषध चालू असेल तर तेही आधी बदलून घ्यावे लागते. म्हणजे मूल हवे असेल तर तुम्हाला नाहीतरी दोन वर्षे आधीपासून आखणी करावी लागणार आहे. खुब्याचे औषध त्या आखणीत बसवता येते. येत्या वर्षा-दोन वर्षांत लग्न आणि लगेच मूल असा विचार असेल, तर डाव्या खुब्यावर केवळ देखरेख, उजव्यावर शस्त्रक्रिया आणि औषध अगदी थोडा काळ किंवा मुळीच नाही, हाही योग्य मार्ग ठरू शकतो. तुमच्या पत्रात हा निर्णय तुम्ही स्वतः काय ठरवता याचा उल्लेख कुठेच नाही, सगळी मते दुसऱ्यांची आहेत. संधिवाततज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांना आधी तुमचा विचार सांगा. संधिवाततज्ज्ञांना रक्त गोठवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी झाली आहे का, हेही विचारा, कारण त्याचा संबंध खुबा आणि गर्भारपण दोन्हींशी येतो.

औषधाने मिळवून दिलेला वेळ सत्कारणी लागतो की वाया जातो, हे तुम्ही चालता कशा यावर ठरते. साध्या चालण्यातही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. काठी वापरा, आणि ती डाव्या हातात धरा. बहुतेक जण दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात, पण भार हलका होतो तो विरुद्ध हाताने. शाळेत मुख्याध्यापकांना सांगून तळमजल्यावरचा वर्ग मागा, फळ्यासमोर उंच स्टूल ठेवा. उकिडवे बसणे, मांडी घालून जेवायला बसणे, उड्या मारणे हे सध्या टाळा आणि घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर त्यावर बसवायची खुर्ची आणा. अंथरुणाला खिळून मात्र राहू नका, त्याने स्नायू वाळतात. पोहण्याची किंवा स्थिर सायकलीची सोय असेल तर उत्तम. मिश्रीची सवय असेल तर ती सोडा.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडे लिहिते. करोनाच्या काळात स्टिरॉइड घेतलेल्या तरुणांत एव्हीएन दिसू लागल्याची नोंद मुंबईतून २०२१ मध्येच झाली होती. त्या वेळी मोठी मात्रा घेतलेल्या कोणाच्या जांघेत आज दुखत असेल, तर साधा एक्स-रे चांगला आला म्हणून विषय संपवू नये, कारण पहिल्या टप्प्यात एक्स-रे स्वच्छच असतो आणि दोष एमआरआयमध्येच दिसतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेल असलेल्या तरुणांचे खुब्याचे दुखणे ‘नेहमीची कळ’ म्हणून सोडून दिले जाते, तसे करू नये. खुब्याचे दुखणे अनेकदा गुडघ्यात जाणवते, तुमच्या बाबतीत झाले तसेच. रक्त पातळ करणारी औषधे आणि कोलेस्टेरॉलची औषधेही एव्हीएनसाठी वापरून पाहिली गेली आहेत, पण ठराविक रुग्ण सोडले तर ती सर्रास घ्यावीत इतका पुरावा नाही. शाळकरी मुलांमध्ये होणारा पर्थेस हा वेगळा आजार आहे, त्याचे उपचार या पत्रावरून ठरवू नयेत. आणि ‘एव्हीएन मुळापासून बरा’ अशी हमी देऊन विकल्या जाणाऱ्या, घटक न लिहिलेल्या पुड्या कोणीही घेऊ नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते, त्यामुळे चार दिवस वेदना थांबतात आणि तोच आजार वाढतो.

औषध लागू पडते आहे हे कशावरून ओळखायचे, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. वेदना कमी होणे चांगले, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण न दुखताही गोळा चपटा होऊ शकतो आणि दुखत असूनही तो गोल राहू शकतो. पहिल्या वर्षी दर तीनचार महिन्यांनी दोन्ही बाजूंचा एक्स-रे, त्यात बेडकासारखे पाय ठेवून काढलेला फोटो, आणि साधारण वर्षाने एमआरआय असे ठरवून घ्या. प्रत्येक वेळी अहवालाचा कागद न देता फिल्म किंवा सीडी द्या आणि डॉक्टरांना जुन्या व नव्या फिल्म शेजारी शेजारी धरून दाखवायला सांगा. गोळ्याची वरची कड गोलच असेल तर आपण ठरवले तसे चालले आहे. अचानक एका दिवसात दुखणे दुप्पट झाले, पाय टेकवेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात फोटो काढा.

लग्नाची बोलणी चालू आहेत असे तुम्ही एका ओळीत लिहिले आहे आणि सांगावे की नाही ते मोघम सोडले आहे. ल्युपस आणि खुबा दोन्ही सांगा, आणि ते तुम्ही स्वतः, मुलालाच सांगा, एमआरआयची फिल्म सोबत घेऊन. तुमचे औषध कधी संपणार आणि त्यानंतर किती काळ थांबायचे ही तारीख तुम्हा दोघांना मिळून पाळायची आहे.